डेलिकेट आर्चची वाट : तुम्ही ती कमान कुठून पाहिलीत?

गवतीचहा
दिवाळीच्या साफसफाईत नानांच्या टेबलाचा खण उपसताना वीजबिलांच्या जुन्या पावत्या आणि सुतळीच्या गुंडाळीखाली अमेरिकेचे पंचवीस सेंटचे एक नाणे सापडले. 2014 सालच्या त्या नाण्यावर युटामधील आर्चेस राष्ट्रीय उद्यानातली डेलिकेट आर्च आहे आणि तिच्या मागे ला साल पर्वताची रांग आहे. नाणे तळहातावर घेतले आणि 2015 चा ऑक्टोबर आठवला, म्हणून लिहायला बसले.

मी तेव्हा डेन्व्हरला राहत होते आणि आई-नाना तीन महिन्यांसाठी आले होते. नानांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या कडेने फिरण्यात गेली, त्यामुळे एकाहत्तराव्या वर्षीही त्यांना चालण्याचे काही वाटत नसे. कुरकुर होती ती उजव्या गुडघ्याची. वाट जिथून सुरू होते त्या वुल्फ रँचपासून कमानीपर्यंत जाऊन परत येण्याचे अंतर सुमारे 4.8 किलोमीटर आणि चढ 146 मीटर, म्हणजे कागदावर अगदी किरकोळ प्रकरण. प्रत्यक्षात मात्र मधला मोठा टप्पा हा उघड्या कातळाचा एकच प्रचंड उतार आहे, ज्यावर सावली नाही आणि मळलेली पायवाटही नाही. दगडांच्या लगोऱ्या रचून ठेवलेल्या असतात, त्या हेरत वर चढायचे. आई आणि मी कमानीच्या ओढीने चालत होतो आणि नाना दर दहा पावलांवर थांबून कातळातल्या खळग्यांत बोट घालून पाहत होते. "पाऊस नसेना का, पण आला की इथे थांबतो आणि तिथून उतरतो," असे ते स्वतःशीच म्हणत होते.

शेवटी कड्याच्या पोटातून कोरलेली, जेमतेम 200 यार्डांची वाट लागते. उजव्या हाताला भिंत आणि डाव्या हाताला खोल दरी. त्या दिवशी वारा असा होता की आईने रुमाल डोक्याला गच्च बांधला होता. निम्म्याहून अधिक वाट चालून झाल्यावर नाना भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन या. मी पिशव्या सांभाळतो." आम्ही वळण ओलांडले आणि तोवर कुठूनही न दिसलेली ती कमान एकदम समोर उभी राहिली. नानांजवळ परतायला आम्हाला चाळीस मिनिटे लागली.

खरी गोष्ट पुढेच आहे. गेली दहा वर्षे नाना घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती कमान आपण पाहिली असे रंगवून सांगतात. "देवळीत समई ठेवावी तशी ठेवली आहे हो," हे त्यांचे ठरलेले वाक्य आहे. ती कमान तर एका भल्या मोठ्या दगडी कढईच्या काठावर, चहूबाजूंनी मोकळ्यावर उभी आहे. देवळी तिथे आली कुठून? नाण्यावरचे चित्र पाहून त्यांनी ते मनाने रचले असावे, असे मी धरून चालते, आणि आई पाहुण्यांदेखत काही बोलत नाही.

कमानीपर्यंत पोहोचलेल्यांनी लिहावे आणि न पोहोचलेल्यांनी तर अवश्य लिहावे.

तिखटमीठ
नानांना माझा साष्टांग नमस्कार सांगावा, कारण ते बसले ती जागा निदान कमानीपासून हाकेच्या अंतरावर होती. आम्ही पस्तिशीतले दोघे धडधाकट नवराबायको निम्म्या वाटेवरून माघारी फिरलो.

जुलै महिना होता. हॉटेलातली न्याहारी फुकट असल्यामुळे ती वसूल करण्यात सकाळ गेली आणि आम्ही अकरा वाजता चालायला लागलो. गाडीतला आकडा 38 अंश दाखवत होता, पण तो हवेचा; कातळाचा आकडा आमच्या चपलांनाच ठाऊक. प्रत्येकी अर्ध्या लिटरची एकेक बाटली होती, कारण "तीन मैल तर आहेत" हे वाक्य मी उच्चारले होते आणि ते आजही घरात माझ्याविरुद्ध वापरले जाते. वाटेवर कुठेही नळ नाही. माणशी निदान दोन लिटर पाणी न्यावे, अशी सूचना उद्यानाचे लोक देतात. आम्ही ती सुरुवातीलाच वाचली आणि तिच्यासमोर उभे राहून फोटोही काढला.

कातळाच्या उताराच्या मध्यावर बायकोला मळमळायला लागले आणि भर उन्हात तिच्या हातांवर काटा आला, तेव्हा मात्र माझे धाबे दणाणले. उशीएवढी सावली देणारे एक जुनिपरचे झुडूप होते. त्या सावलीत तिचे डोके ठेवले आणि मी उन्हाच्या बाजूला उभा राहिलो. खाली उतरणाऱ्या एका आजोबांनी काही न विचारता आपली पाण्याची पिशवी पुढे केली आणि खारी बिस्किटे दिली. ते आमच्याबरोबर वाहनतळापर्यंत चालत आले. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले, ही रुखरुख कमान न पाहिल्याच्या रुखरुखीपेक्षा मोठी आहे.

सुवेळा
शीर्षक वाचताच मला राजगडाच्या सुवेळा माचीवरचे नेढे आठवले. आपल्याकडे डोंगराला आरपार पडलेल्या भोकाला सुईच्या नेढ्याचे नाव आहे, आणि रतनगडाच्या नेढ्यात वाऱ्याला बसलेल्या माणसाला युटाच्या कमानीचे अप्रूप ते काय वाटणार, अशा तोऱ्यात मी तिथे गेलो होतो.

तोरा उतरला तो कातळामुळे. त्या खडकाला तिकडे स्लिकरॉक म्हणतात, म्हणून मी घसरणीची सगळी तयारी करून, दोन काठ्या घेऊन निघालो होतो. आपल्याला निसरडा खडक म्हणजे श्रावणातला, शेवाळलेला, ओला काळा पत्थर ठाऊक. तिथे मात्र पायाखाली जाड्या पॉलिश कागदासारखा वालुकाश्म होता आणि बूट जिथे टेकेल तिथे चिकटत होता. नाव पडले ते जुन्या वसाहतवाल्यांच्या घोड्यांमुळे, कारण लोखंडी नाल त्या दगडावर सरकत असे. माझ्या काठ्यांची लोखंडी टोके तशीच सरकू लागली, तेव्हा त्या मी घडी करून पाठपिशवीत टाकल्या आणि हात मोकळे ठेवून चढलो. परतताना एका ठिकाणी मी बसून घसरलो, त्यात विजारीचे आसन कामी आले.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितले की आज फार मोठे नेढे पाहिले. ती म्हणाली, "मग दोरा कुणी ओवला?"

दगडफूल
सुवेळा यांच्या नेढ्याविषयी एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. नेढे म्हणजे भिंतीतले भोक; डेलिकेट आर्चच्या बाजूची भिंतच झिजून गेली आहे आणि राहिली आहे ती नुसती कमान. मधली मोकळी जागा सुमारे 14 मीटर उंच आणि 10 मीटर रुंद आहे. त्या उद्यानात 2,000 हून अधिक कमानी मोजलेल्या आहेत आणि एका दिशेने निदान तीन फूट आरपार असेल तरच भोकाला कमान म्हणायचे, असा तिथला हिशेब आहे. खालून ओढा वाहून दगड कोरला गेला असेल तर तो पूल, कमान नव्हे. आपल्या अणे घाटाजवळच्या गुळुंचवाडीला आहे तो या अर्थाने पूल.

मी खाणकामाचा माणूस असल्यामुळे माझे सारे लक्ष पायाखाली होते. त्या प्रदेशाखाली सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचे मीठ साचलेले आहे. वर खडकांचे थर चढत गेले, तसे ते मीठ दाबाखाली कणकेसारखे सरकले, कुठे फुगले, कुठे विरघळून खचले, आणि वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा गेल्या. भेगांमध्ये पाणी शिरून वाळूचे कण धरून ठेवणारा चुना धुपला, हिवाळ्यात त्याच पाण्याच्या बर्फाने दगड उकलला आणि मागे पातळ उभ्या भिंती उरल्या. त्या भिंती पोखरल्या गेल्या की कमानी. वाळवंट म्हटले तरी कारागीर पाणीच आहे, त्यामुळे खळग्यांत बोट घालणारे नाना मला फार आवडले. गवतीचहा, ते योग्य ठिकाणी पाहत होते.

कमानीजवळ गेल्यावर दिसते की तिचा एक पाय मध्येच कमरेसारखा आवळलेला आहे. तो पाहिल्यावर आपण खोकूसुद्धा नये असे वाटते. 1950 च्या दशकात तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा लेप द्यावा, असा विचार उद्यानाच्या कारभाऱ्यांनी केला होता आणि मग सोडून दिला, हे एक बरे झाले. त्याच उद्यानातली वॉल आर्च ऑगस्ट 2008 मध्ये एका रात्री कोसळली.

नावाचीही गंमत आहे. डेलिकेट हे नाव 1930 च्या दशकातले. त्याआधी तिथले गुराखी तिला आपल्या घोडेस्वारीच्या चामडी विजारीचे नाव देत आणि काही जण "मास्तरीणबाईंची विजार" म्हणत. एकदा हे ठाऊक झाले की दुसरे काही दिसत नाही, याबद्दल क्षमस्व.

तिखटमीठ
दगडफूल, आमच्या शीतकपाटावर त्या कमानीचे चुंबक लावलेले आहे, कारण न पाहिलेल्या गोष्टीचे चुंबक घ्यायला कुणाची आडकाठी नसते. आता रोज दूध काढताना मास्तरीणबाई आठवणार.

उंबरठा
आम्ही दोन मुलांना घेऊन एप्रिलमध्ये गेलो होतो. मोठा नऊ वर्षांचा होता आणि धाकटी सहा वर्षांची. वाटेची सुरुवात जिथून होते तिथली लाकडी ओंडक्यांची झोपडी पाहण्यात मुलांनी एवढा वेळ घेतला की कमान राहूनच जाते की काय, असे वाटले. जॉन वेस्ली वुल्फ हा यादवी युद्धात लढलेला ओहायोचा माणूस 1898 साली मुलाला घेऊन तिथे गुरे पाळायला आला. पुढे 1906 मध्ये त्याची मुलगी फ्लोरा आपल्या कुटुंबासह आली आणि बापाचा संसार पाहून हबकली. लाकडी फरशीची नवी झोपडी बांधल्याशिवाय चालणार नाही, असे तिने बजावले, आणि आज उभी आहे ती तिच्या हट्टाची झोपडी. 1910 साली सगळे ओहायोला परतले. माझ्या मुलीने आत डोकावून विचारले, "यांची बाथरूम कुठे आहे?" फ्लोराचाही पहिला प्रश्न तोच असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तिथून थोडे पुढे आडवाटेला खडकावर तिथल्या मूळ रहिवासी यूट लोकांनी कोरलेले घोडेस्वार आणि मेंढे आहेत. घोडे तिथे युरोपियनांबरोबर आले, त्यामुळे ते कोरीवकाम 1650 ते 1850 या काळातले धरतात. मुलाला त्यातला कुत्र्यासारखा दिसणारा प्राणी सापडला, आणि त्यानंतरचा सारा चढ त्या कुत्र्याचे नाव काय असेल या चर्चेत कसा संपला ते कळलेही नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही युक्ती करून पाहावी.

वर पोहोचल्यावर मात्र वेगळाच देखावा होता. कमानीखाली उभे राहून फोटो काढण्यासाठी रांग होती आणि उरलेली जनता कातळाच्या कढईत प्रेक्षकांसारखी बसलेली होती. एका जोडप्याने खाली उभे राहून इतक्या निरनिराळ्या ढंगांनी फोटो काढून घेतले की अखेरीस प्रेक्षकांतून टाळ्या सुरू झाल्या. त्यांना तो आपला सत्कार वाटला आणि त्यांनी आणखी दोन फोटो काढले. आम्ही तोवर थालीपिठे काढली. शेजारच्या कुटुंबाने वास घेऊन हसून पाहिले, म्हणून त्यांनाही दिली, आणि त्यांच्याकडून सुकवलेले आंबे घेतले. कमानीखालचा आमचा चौघांचा फोटो आहे, पण त्यात धाकटीचे डोळे मिटलेले आहेत आणि नवऱ्याच्या हातात थालीपीठ आहे.

मीठभाकर
उंबरठा, थालीपिठे आदल्या दिवशीची होती का? आमची त्या कोरड्या हवेत दोन तासांत पापड होतात. दही घालून मळली होती की नुसत्या पाण्यात?

उंबरठा
कांदा न घालता, दुधात मळून, दोन्हीकडून तेल सोडून भाजली होती आणि ओल्या फडक्यात गुंडाळली होती. फडके पुढे धाकटीच्या कपाळावर ठेवायला उपयोगी पडले.

रानजाई
नानांच्या गुडघ्यावरून लिहावेसे वाटले. माझ्या सासूबाई चाकांच्या खुर्चीत असतात, त्यामुळे तीन मैलांची वाट आमच्यासाठी नव्हतीच. वुल्फ रँचच्या पुढे गाडी नेली की खालच्या बाजूला एक ठिकाण आहे, जिथून जेमतेम 100 यार्ड सपाट वाटेने जाऊन कमान दुरून दिसते. मध्ये खोल दरी आहे आणि कमान तिथून सुमारे मैलभर लांब आहे, त्यामुळे ती अंगठ्याच्या नखाएवढी दिसते.

मला ते फार तुटपुंजे वाटले आणि मी सासूबाईंची समजूत काढू लागले. त्यांनी दुर्बीण मागून घेतली आणि अर्धा तास खाली ठेवली नाही. कमानीखाली कोण आले, कोण गेले, कोणत्या बाईने लाल शाल घेतली आहे, कोणता मुलगा काठाजवळ जातो आहे आणि त्याला कोणी हाक कशी मारत नाही, याचे धावते वर्णन त्या देत होत्या. त्या पूर्वी गच्चीतून समोरच्या इमारतीकडे ज्या निष्ठेने पाहत, तीच निष्ठा. "आपल्याला इथून बरे दिसते, तिथल्या लोकांना फक्त दगड दिसत असेल," असे त्या परत येताना म्हणाल्या.

चकवा
सूर्यास्त पाहून उतरणाऱ्यांनी हे वाचावे. संध्याकाळचे ऊन कमानीवर समोरून येते आणि तो दगड शेगडीतल्या निखाऱ्यासारखा होतो, हे खरे आहे आणि त्यासाठीच सगळे त्या वेळी जातात. आम्ही चौघे मित्र शेवटचा रंग जाईपर्यंत थांबलो. गर्दी आमच्या आधी उतरून गेली होती आणि विजेरी एकाकडेच होती, ती म्हणजे माझ्या भ्रमणध्वनीची, बारा टक्के.

दिवसा ज्या लगोऱ्या ठळक दिसतात त्या अंधारात इतर दगडांसारख्याच होतात, आणि कातळावर पाऊल उमटत नाही, त्यामुळे आलो कुठून हे मागे वळूनही कळत नाही. आम्ही उताराच्या नादाने डावीकडे सरकत गेलो आणि एका ठिकाणी पुढे टाकलेल्या खड्याचा आवाज फार उशिरा आला. तेव्हा जिथे होतो तिथेच बसलो. एकाने हनुमान चालीसा सुरू केली, दुसऱ्याने त्याला दुसऱ्या ओवीवर अडखळल्याबद्दल झापले. वीसेक मिनिटांनी वरून दोन बॅटऱ्या हलताना दिसल्या. छायाचित्रे काढायला थांबलेल्या दोन बायका होत्या, त्यांनी आम्हाला शाळेच्या मुलांसारखे ओळीत खाली आणले.

त्या वीस मिनिटांत आम्ही वर पाहिले. आर्चेसला 2019 पासून काळोखी आकाशाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, हे मला नंतर कळले. त्या वेळी एवढेच जाणवले की आकाशगंगेचा पट्टा क्षितिजापर्यंत खाली उतरतो आणि आपण कधी तो असा पाहिलेला नाही. भीती संपली नव्हती, पण चालीसा थांबली होती.

सुवेळा
चालीसेत ओव्या नसतात, चौपाया असतात. तुम्हाला वाट सापडली नाही यात नवल नाही.

पाऊलवाट
माझा अनुभव लाजेचा आहे. गर्दी टाळून फोटो घ्यावा म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात मी वाट सोडून झुडपांमधल्या काळपट, फुगीर मातीवर पाच-सहा पावले टाकली. मागून एका सात-आठ वर्षांच्या मुलीने आईला मोठ्याने विचारले, "ते काका मातीला का मारत आहेत?" ते कुटुंब सांगलीचे निघाले, त्यामुळे न समजल्याचा बहाणाही करता येईना.

त्या मुलीने उद्यानाच्या माहिती केंद्रात सगळे नीट ऐकले होते. ती काळी खपली जिवंत असते. सूक्ष्मजीव, दगडफुले आणि शेवाळ यांची विणलेली ती साल वाळूला धरून ठेवते, पाणी मुरवते आणि पुढे झुडपाला रुजायला जागा देते. एका पावलाने मोडलेली ती साल पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. मी जाताना उमटलेल्या त्या पाच-सहा ठशांतच नेमके पाय ठेवत परत आलो, आणि ती मुलगी मोजत होती.

दगडफूल
माझ्या टोपणनावाचा तिथे जिवंत उपयोग होतो, हे वाचून आनंद झाला.

गारठा
सगळ्यांनी उन्हाचे लिहिले, म्हणून जानेवारीचे लिहितो. सॉल्ट लेक सिटीहून चार तासांवर असल्यामुळे आम्ही ऐन थंडीत गेलो. वाहनतळावर पाच गाड्या होत्या. उन्हाळ्यात तिथे इतकी गर्दी होऊ लागली होती की 2022 मध्ये वेळ ठरवून आगाऊ नोंदणी करण्याची पद्धत आणावी लागली, असे ऐकून होतो, आणि आम्हाला तर कातळावर आमचेच श्वास ऐकू येत होते.

कातळाचा उतार कोरडा होता. खरी पंचाईत त्या कड्याच्या वाटेवर होती, कारण तिथे ऊन पोहोचत नाही आणि वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाची काचेसारखी साय पसरलेली होती. बुटांना लावायचे काटे आम्ही गाडीत ठेवून आलो होतो. मी भिंतीला पोट लावून, एकेक पाऊल सरकवत गेलो, आणि डाव्या बाजूला पाहिले नाही. माझ्या मित्राने वाट अर्धी झाल्यावर थांबून सांगितले की त्याला कमान पाहायची नाही, त्याच्या मुलीचे लग्न व्हायचे आहे. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

मी वळणापलीकडे गेलो. कमान लाल, तिच्यामागे ला साल पांढरेशुभ्र आणि वर आकाश निळे. तिथे मी एकटा होतो. पाच मिनिटे पाहिली आणि मित्राची काळजी वाटून परत फिरलो. त्या पाच मिनिटांत फोटो काढायचे सुचले नाही, त्यामुळे मित्र आजही म्हणतो की मी गेलोच नव्हतो.

मीठभाकर
गवतीचहाताई, एक शंका आहे. तुम्ही दोघी चाळीस मिनिटे पलीकडे होतात. पाटबंधारे खात्यातला माणूस एका जागी चाळीस मिनिटे बसून राहिला, हे मला पटत नाही.

घाटमाथा
मी हा धागा उशिरा पाहिला, पण गवतीचहा यांनी लिहिलेली देवळी वाचून राहवले नाही.

मी त्या वाटेने तीनदा गेलो आहे. कड्याच्या वाटेवर, शेवटच्या वळणाच्या थोडे अलीकडे, उजव्या हाताच्या भिंतीत वरच्या अंगाला एक आरपार भोक आहे. त्याला फ्रेम आर्च म्हणतात. खालून चालणाऱ्यांतले बहुतेक लोक डावीकडच्या खोल दरीकडे पाहत भिंतीला चिकटून जातात, म्हणून ते त्यांच्या लक्षात येत नाही. भोकापर्यंत जायला दोन-तीन पुरुष उंचीचा तिरका कातळ चढावा लागतो. चढण छोटी आहे पण उभी आहे, आणि हात-पाय दोन्ही लावावे लागतात. वर पोहोचून पलीकडे पाहिले की सबंध कढई दिसते आणि तिच्या काठावरची डेलिकेट आर्च त्या भोकाच्या चौकटीत नेमकी मधोमध बसते. छायाचित्रकार मुद्दाम तिथे जाऊन बसतात.

भिंतीच्या कोनाड्यात समई ठेवल्यासारखी ती दिसते ती तिथूनच. नाण्यावर ती तशी नाही, आणि कढईत उभे राहूनही ती तशी दिसत नाही. तुमचे वडील जिथे बसले होते असे तुम्ही म्हणता, ती जागा त्या भोकाच्या आसपासच येते. मी आगाऊपणा करतो आहे असे वाटल्यास सोडून द्यावे, पण एकदा त्यांना विचारून पाहावे.

रानजाई
अंगावर काटा आला. कृपया लवकर विचारा आणि लिहा. माझ्या सासूबाईंना मी हे सगळे वाचून दाखवते आहे आणि त्यांनी चहा थांबवून ठेवला आहे.

चकवा
गुडघा दुखणारा माणूस तो कातळ चढेल, असे वाटत नाही. मी ते भोक पाहिले आहे. तिशीत असूनही उतरताना माझी तारांबळ उडाली होती.

सुवेळा
चढणे कठीण नसते, उतरणे कठीण असते. बसून उतरले की होते. आणि घाटमाथा, हे तर अस्सल नेढे झाले! दगडफूल यांनी नोंद घ्यावी.

दगडफूल
नोंद घेतली. नेढ्यातून कमान, हे मान्य.

गवतीचहा
काल संध्याकाळी विचारले.

नाना वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत होते. मी ते नाणे त्यांच्यासमोर ठेवले आणि विचारले, "नाना, तुम्ही ही कमान नक्की कुठून पाहिलीत?" त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिले, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वर एक भोक होते."

मग सगळे बाहेर आले. आम्ही वळणापलीकडे गेल्यावर दहा मिनिटांनी एक शाळकरी मुलगा त्यांच्या डोक्यावरच्या कातळावरून बसून घसरत खाली उतरला. नानांनी हातानेच विचारले, वर काय आहे? त्याने दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटे जुळवून चौकट करून दाखवली. दगडावर पाण्याने धरलेली एक उभी खाच होती, तीत डावा पाय रोवत आणि उजवा गुडघा दगडाला न लावता ते वर गेले. पाणी जिथून उतरते तिथून माणूस चढू शकतो, हे त्यांचे म्हणणे. वर बसून त्यांनी कमान पाहिली आणि आम्हालाही पाहिले. "तू फोटोच्या रांगेत पुढे होतीस आणि तुझी आई मागे उभी राहून रुमालाची गाठ सारखी करत होती. पिवळा रुमाल." तो रुमाल पिवळाच होता. तिथल्या आमच्या एकाही फोटोत तो नाही, कारण फोटोसाठी आईने तो सोडून माझ्या खिशात कोंबला होता आणि वळणाअलीकडे येऊन पुन्हा बांधला तो माझा निळा स्कार्फ होता.

मी विचारले, मग दहा वर्षांत हे सांगितले का नाही? तेव्हा ते पुन्हा दाराकडे पाहू लागले. पिशव्या सांभाळण्याचे काम त्यांनी घेतले होते, आणि त्यांतल्या एका पिशवीत तिघांचे पासपोर्ट आणि आईच्या बांगड्या होत्या. ती पिशवी त्यांनी खाली, वाटेच्या कडेला, एका धोंड्याला टेकवून वीस-पंचवीस मिनिटे एकटी सोडली होती.

आई दारातच उभी होती. तिने किती ऐकले ते कळायला मार्ग नाही, कारण तिने चहाचा कप टेबलावर ठेवला, नाणे उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "माझ्या बांगड्या रस्त्यावर होत्या?"

तिखटमीठ
नानांना सध्या आमच्याकडे पाठवून द्यावे, खोली रिकामी आहे. बायकोने ऑक्टोबरचे आरक्षण केले आहे आणि माझ्या नावापुढे आठ लिटर पाणी लिहिले आहे.

रानजाई
सासूबाई विचारत आहेत की बांगड्या मिळाल्या ना?

गवतीचहा
चारही मिळाल्या. आईने काल रात्री पुन्हा एकदा मोजल्या.